साठा उत्तरांची गोष्ट पाचा उत्तरी: लोककथा सांगत सांगत लिहायला शिकताना

माझी पहिली कथा एका दिवाळी अंकाकडून परत आली तेव्हा पाकिटात चार ओळींची चिठ्ठी होती. भाषा चांगली आहे, असं म्हणून झाल्यावर शेवटी विचारलं होतं, ‘पण गोष्ट कुठे आहे?’ महिनाभर मी त्या संपादकांवर चिडून होतो. मग एका रात्री वीज गेली, भाची मागे लागली, म्हणून तीच कथा तिला तोंडी सांगायला बसलो. दुसऱ्याच मिनिटाला अडकलो. लिहिताना बावीस पानं भरली होती आणि सांगायला काही नव्हतं. शेवटी तिला चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगून झोपवलं.

श्रावणातल्या कहाण्या ज्या वाक्यानं संपतात ते तुम्ही ऐकलं असेल: ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.’ लहानपणी आमच्यासाठी ते वाक्य म्हणजे आता प्रसाद मिळणार याची खूण. लेखनाच्या बाजूनं पाहिलं तर त्यात कामाची गोष्ट दडलेली आहे. साठ बोलांत मावणारी हकिकत कुणीतरी पाच बोलांत आणून ठेवली आहे. हे एका बैठकीत होत नाही. आजीनं नातीला सांगितलं, नातीनं सुनेला सांगितलं, दर वेळी काहीतरी विसरलं गेलं, आणि जे विसरूनही गोष्ट अडली नाही ते कायमचं गळालं. लोककथेचं संपादन असं तोंडातोंडी झालेलं असतं. नव्यानं लिहिणाऱ्यानं ते आपल्या एकट्याच्या तोंडानं, दोन-तीन आठवड्यांत करून बघायचं, एवढाच या लेखाचा बेत आहे. सामान म्हणून एक वही आणि गोष्ट ऐकायला तयार असलेलं एक माणूस पुरे.

पहिली पायरी: एकच गोष्ट धरा

नवशिके लोक पहिल्या दिवशी लोककथांचे पाच संग्रह आणतात आणि वाचतच बसतात. तसं करू नका. लहानपणी ऐकलेली, पाच मिनिटांत संपणारी एकच गोष्ट निवडा. म्हातारी आणि भोपळा, चिमणी-कावळा, श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी, यांतली कुठलीही चालेल. तुमच्या घरात वेगळीच गोष्ट सांगत असतील तर फारच उत्तम.

ती पुस्तकात बघायची नाही. जशी आठवते तशी, मोठ्यानं, कुणाला तरी सांगायची. पोरगं मिळालं नाही तर भाजी निवडत बसलेल्या माणसाला सांगा. मधेच अडलात तर ‘थांब, चुकलं’ म्हणायचं नाही. स्वतःच पूल बांधायचा आणि पुढे जायचं. आठवडाभरात सात-आठ वेळा सांगून झाली पाहिजे. पाठ करू नका. पाठ केलेली गोष्ट सांगताना माणसाचे डोळे आत वळतात, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

तिसऱ्या-चौथ्या वेळी तुमच्या लक्षात येईल की काही वाक्यं दर वेळी जशीच्या तशी तोंडात येतात आणि काही दर वेळी बदलतात. न बदलणारी वाक्यं वहीत उतरवा. गोष्टीचे खांब तेच असतात.

दुसरी पायरी: हाडं मोजा

आता गोष्ट सात-आठ वाक्यांत लिहा. नियम एकच: दोन वाक्यांच्या मधे ‘आणि मग’ आलं तर तिथे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं का ते पाहा. खुलभर दुधाच्या कहाणीवर करून बघू.

राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा होता, म्हणून त्यानं दवंडी पिटवली की गावातलं सगळं दूध देवळात आणा. लोकांना धाक बसला, म्हणून त्यांनी मुलांना आणि वासरांना न देता होतं तेवढं दूध नेऊन ओतलं. पण गाभारा भरला नाही. दुपारी एका म्हातारीनं घरच्या मुलाबाळांना, लेकीसुनांना, गाईवासरांना आधी तृप्त केलं, म्हणून तिच्याकडे उरलं फक्त खुलभर दूध. पण तेवढ्यानं गाभारा भरला. हे कुणी केलं ते राजाला कळेना, म्हणून पुढल्या सोमवारी त्यानं शिपाई बसवले. पण शोध लागला नाही, म्हणून तिसऱ्या सोमवारी तो स्वतः जाऊन बसला. म्हातारी सापडली, घाबरली, म्हणून त्यानं तिला अभय दिलं आणि तिनं कारण सांगितलं.

एकही ‘आणि मग’ लागला नाही. प्रत्येक वाक्य मागच्याच्या पोटातून येतं.

आणखी एक बघा. म्हातारीनं आधी घरच्यांना खाऊ घातलं हे आपल्याला राजाच्या कितीतरी आधी माहीत असतं. शिपाई बसतात तेव्हा आपण राजाच्या पुढे असतो आणि ‘अरे, याला कधी कळणार’ म्हणून ऐकत राहतो. हीच कहाणी एखादा नवा लेखक लिहील तर म्हातारीचं रहस्य शेवटपर्यंत लपवेल आणि त्याला धक्कातंत्र म्हणेल. मला विचाराल तर कहाणीची रीत जास्त टिकाऊ आहे. धक्का एकदाच बसतो. वाट बघणं मात्र दर श्रावणात नव्यानं करता येतं, गोष्ट पाठ असली तरी.

आता तुमची स्वतःची एखादी अर्धवट कथा घ्या आणि तिचीही हाडं अशीच मोजा. माझ्या त्या परत आलेल्या कथेत अकरा ‘आणि मग’ निघाले. नायक उठला आणि मग खिडकीत गेला आणि मग त्याला गाव आठवलं. संपादकांचं बरोबर होतं.

तिसरी पायरी: दाराबाहेर उभं राहा

या पायरीवर जरा जास्त रेंगाळायचं आहे, कारण सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं, आणि मोठी माणसं नेमकं हेच बालिश म्हणून सोडून देतात.

कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. तो चिमणीच्या दारात आला. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ पुन्हा, ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, बाळाचं अंग पुसते.’ मग अंगडं-टोपडं, मग काजळ-तीट, मग दूध, मग झोप.

आधी पहिलंच वाक्य घ्या. त्यात दोन घरं आहेत आणि दोन्ही कशाची आहेत एवढंच सांगितलं आहे. पाऊस यायच्या आधीच कुणाचं घर जाणार ते ठरलं. घर किती मोठं, कुठल्या झाडावर, दार कसलं, काही नाही. पुढे ज्याला काम आहे तेवढाच तपशील ठेवलाय. वर शेण आणि मेण यांचं यमक जुळतं, त्यामुळे ते विसरताही येत नाही. लीळाचरित्रातही ही गोष्ट येते. तिथे चिमणीच्या जागी साळई आहे, पण घरं मेणाची आणि शेणाचीच. म्हणजे तेराव्या शतकापासून पक्षी बदलला तरी चालला, घरं बदलली नाहीत. खांब म्हणतात तो हा.

आता चिमणीची उत्तरं बघा. ती एकदाही ‘नाही’ म्हणत नाही. प्रत्येक उत्तर इतकं रास्त आहे की कावळ्याला भांडताच येत नाही. बाळाचं अंग पुसत असलेल्या बाईला कोण काय बोलणार? नकार द्यायचा आणि तो शब्द तोंडातून काढायचा नाही, ही आपल्या घराघरांतली रीत आहे. संवाद लिहिताना हे वापरा. मनातली गोष्ट सरळ बोलून दाखवणारी पात्रं कागदावर फार लवकर संपतात.

तिसरी गोष्ट आहे वेळेची. बाहेर पाऊस चालू आहे आणि कावळा भिजतोय. आत तीट लावण्याइतकी सवड आहे. ताण या दोन वेळांमधला आहे. चिमणीनं प्रत्येक उत्तर घाईनं दिलं असतं तर गोष्ट मेली असती. सांगून बघा: ‘थांब, बाळाला तीट लावते’ हे जितक्या सावकाश म्हणाल तितका समोरचा अस्वस्थ होतो.

आणि ही कामं पाठ करावी लागत नाहीत. अंघोळ, पुसणं, कपडे, काजळ, दूध, झोप हा बाळाच्या सकाळचा क्रमच आहे. सांगणारी बाई विसरणार नाही आणि ऐकणारं पोर पुढचं उत्तर आधीच ओरडून सांगेल. लोककथेतली पुनरुक्ती म्हणजे भरती नव्हे. ऐकणाऱ्याला तिनं काम दिलेलं असतं. मात्र दर वेळी एक तरी गोष्ट सरकली पाहिजे. भोपळ्याच्या गोष्टीतही म्हातारी जाताना प्रत्येक जनावराला तेच सांगते, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा’, आणि येताना भोपळ्यातून ‘कशाची म्हातारी अन् कशाची कोतारी, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’. जाताना दिलेला शब्द येताना उलटतो. जनावरं तीच, रस्ता तोच, म्हणूनच तो उलटलेला कळतो.

सराव: तुमच्या गोष्टीत एक दार शोधा. कुणीतरी काहीतरी मागतंय, दुसरं माणूस देत नाहीये. मागणं तीनदा होऊ द्या. देणाऱ्यानं ‘नाही’ म्हणायचं नाही. एक पान पुरे.

(शेवटी चिमणी कावळ्याला आत घेते की नाही, घेऊन गरम तव्यावर बसवते की काय, हे घरोघरी वेगळं आहे. चटका लागणारा शेवट आता बरेच पालक गाळतात. मी गाळत नाही, पण झोपेच्या वेळी सांगतही नाही.)

चौथी पायरी: धरून दाखवता येतं का?

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतातल्या आख्यानांच्या चित्रांचा एकेक संच असतो, त्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि त्यावर गात-बोलत गोष्ट पुढे नेतो. आपल्या कामाचा भाग असा की, ज्या प्रसंगात काही घडत नाही त्याचं चित्र पुढे धरताच येत नाही. ‘तो विचारात पडला’ याचं चित्र म्हणजे नुसता बसलेला माणूस, आणि असली तीन चित्रं लागोपाठ धरली तर लोक उठून चहाला जातील.

तुमच्या गोष्टीसाठी कागदाचे सहा तुकडे करा. प्रत्येकावर एक चित्र, वाकडंतिकडं चालेल. ज्या तुकड्यावर काय काढावं सुचत नाही तिथे गोष्टीत भोक आहे.

वर्णनाचं दुखणंही इथेच बरं होतं. एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या मुलांना भोपळ्याची गोष्ट सांगताना मी उगाच रानाचं वर्णन लावलं: किर्र झाडी, वेली, सळसळ. तिसऱ्या वाक्याला दोघं चपलांचे पट्टे सोडबांध करू लागली आणि एकानं स्पष्ट विचारलं, ‘वाघ कधी येणार?’ तेव्हापासून मी रानाला एकच वाक्य देतो आणि त्याच वाक्यात वाघाला आणतो. ‘खुलभर’ शब्दाचंही तसंच. खूल म्हणजे नेमकं केवढं भांडं हे आजच्या ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना सांगता येणार नाही, पण शेजारी अख्खा गाभारा उभा असल्यामुळे ते एवढंसं आहे हे सगळ्यांना दिसतं.

पाचवी पायरी: तात्पर्य कुणाच्या तोंडी?

शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला गोष्टीखाली ‘तात्पर्य’ लिहायची सवय लावली आणि दोष पंचतंत्राला दिला. मूळ पंचतंत्राची तऱ्हा निराळी आहे. अमरशक्ती राजाच्या तीन ढ मुलांना विष्णुशर्मा सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवायचं पत्करतो, इथून ते सुरू होतं हे बहुतेकांना माहीत असतं. आतली रचना मात्र कुणी सांगत नाही. मित्रभेद या पहिल्या भागात दमनक नावाचा कोल्हा सिंहाच्या भानगडीत पडायला निघालेला असतो. त्याचा सोबती करटक त्याला अडवायला म्हणून लाकडातली पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट सांगतो: नसत्या उद्योगात पडलं आणि मेलं. दमनकाला ती पटत नाही आणि तो जायचा तो जातोच.

म्हणजे तिथे उपदेश आहे, पण तो करणाऱ्या पात्राला काहीतरी हवंय, आणि ऐकणारा तो धुडकावू शकतो. तुमच्या कथेत शहाणपणाचं वाक्य आलंच, तर ते गरज असलेल्या पात्राच्या तोंडी द्या आणि समोरच्याला ते झिडकारू द्या. लेखक म्हणून स्वतः शेवटी येऊन बोलू नका.

एकात एक गोष्टींची ती पेटी मात्र सुरुवातीला वापरू नका. पंचतंत्र, कथासरित्सागर, वेताळपंचविशी वाचून तो मोह होतो. वेताळाच्या साच्याकडून एकच गोष्ट उचला: प्रत्येक कथा प्रश्नावर थांबते, उत्तर माहीत असून गप्प राहिलं तर डोक्याची शकलं होणार आणि बोललं तर वेताळ पुन्हा झाडावर. दोन्हीकडून कोंडी. आपल्या नायकाला एवढं कोंडता आलं तरी खूप झालं.

सहावी पायरी: हुंकारा

राजस्थानात गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं मधेमधे हुंकार द्यायचा असतो, त्याला हुंकारा म्हणतात. ‘फौज में नगारो, बात में हुंकारो’ अशी तिथली म्हण आहे: फौजेत नगारा तसा गोष्टीत हुंकारा. आपल्याकडे गोंधळात आणि पोवाड्यात झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात, त्यानंही तेच साधतं. घरी पोरांचं ‘मग?’ असतं.

लिहिणाऱ्याला हा हुंकारा ऐकू येत नाही, हीच त्याची पंचाईत. म्हणून कच्चा खर्डा झाला की तो वाचून दाखवू नका. कागद मिटा आणि सांगा. नंतर अभिप्राय विचारू नका. लोक ‘छान’च म्हणतात. सांगताना त्यांच्याकडे बघत राहा. कुठे हुंकार थांबला, कुठे हात मोबाइलकडे गेला, कुठे ‘मग?’ आलं, ते आठवून वहीत मार्जिनला खूण करा. जिथे तीन वेगवेगळी माणसं एकाच जागी सुटली, तो परिच्छेद कितीही आवडता असला तरी काढायचा.

नकार आला की मला पैठणची एक दंतकथा आठवते. कथासरित्सागरातच ती आहे. राजा सातवाहनाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. संस्कृतवरून लागलेली पैज हरला म्हणून त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली तिन्ही सोडल्या आणि पैशाची म्हणजे पिशाच्चांची मानल्या गेलेल्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्तानं. राजानं ती भाषा ऐकून नाक मुरडलं. गुणाढ्य रानात गेला, अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि जाळायचा. जनावरं चरायचं विसरून ऐकत बसली, रडली. इकडे राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागलं, राजा आजारी पडला, तेव्हा चौकशी झाली. राजा धावत पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळले होते, एक लाख उरले.

हिची हाडं मोजून बघा, दुसऱ्या आणि चौथ्या पायरीवरचं सगळं यात सापडेल. ‘लोकांना गोष्ट फार आवडली’ असं सांगायच्या ऐवजी राजाच्या ताटातलं मांस सुकलं, असं सांगितलंय.

सातवी पायरी: कुणाची गोष्ट, ते लिहून ठेवा

इथवर आलात की दुसऱ्यांकडून गोष्टी गोळा कराव्याशा वाटतील. ‘मला एखादी लोककथा सांगा’ असं म्हणून कुणाकडे जाऊ नका. समोरची आजी ‘आम्हाला कुठलं येतंय बाई’ म्हणून उठेल. ‘लहानपणी जात्यावर बसल्यावर आई काय सांगायची?’, ‘पोरं झोपत नसली की काय म्हणायचात?’ असं विचारा. आधी स्वतः एक गोष्ट सांगा, थोडी चुकीची सांगा. ‘अहो, तसं नाही ते’ असं म्हणत ती स्वतःच सुरू होते.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर विचारून करा. उतरवून घेताना तिची बोली पुसू नका. ‘मंग’ला ‘मग’ करायची गरज नाही. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, झाडी बोली, जी असेल ती राहू द्या. निदान पात्रांच्या तोंडी तरी. कुळाची, देवाची, एखाद्या घराण्याची म्हणून सांगितलेली गोष्ट परवानगीशिवाय छापायला देऊ नका.

1868 साली मेरी फ्रिअर नावाच्या इंग्रज बाईंनी दख्खनच्या गोष्टींचा संग्रह इंग्रजीत काढला. वडील मुंबईचे गव्हर्नर होते. गोष्टी सांगितल्या होत्या त्यांच्या आयाने, ॲना लिबराटा डिसूझा हिनं, आणि तिला त्या तिच्या आजीकडून मिळालेल्या. फ्रिअरबाईंनी तिचं नाव दिलं, तिची स्वतःची हकिकतही पुस्तकात घातली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे. त्या काळच्या पुष्कळ संग्रहांत ‘एका म्हातारीकडून ऐकलेली’ एवढ्यावरच काम भागवलेलं असतं.

तेव्हा वहीत गोष्टीच्या वर सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख लिहा, आणि ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली तेही विचारून घ्या. छापताना नाव द्यायचं का ते त्यांना विचारून ठरवा. खाली चार ओळी मोकळ्या सोडा. पुढच्या खेपेला त्याच आजीकडे गेलात की ती तीच गोष्ट थोडी वेगळी सांगेल, आणि काय बदललं ते तिथे लिहायला जागा लागेल.